बरे झाल्यानंतरचा हिशेब

कर्करोगावरील उपचारांचे यश मोजण्यासाठी वैद्यकशास्त्राने एक सोयीचे माप ठरविलेले आहे. निदान झाल्यापासून पाच वर्षे रुग्ण जिवंत राहिला, की उपचाराच्या जमेच्या बाजूस एक आकडा वाढतो. हे माप रूढ झाले त्या काळी बहुसंख्य रुग्ण तेवढे जगतच नसत. त्यामुळे पाच वर्षांच्या पलीकडे काय घडते, याचा विचार करण्याची वेळ क्वचितच येई. आज ती स्थिती राहिलेली नाही. काही कर्करोग, विशेषतः बालपणी आणि तारुण्यात होणारे, मोठ्या प्रमाणात बरे होऊ लागले आहेत. पंधराव्या वर्षी कर्करोगातून सुटलेली मुलगी पुढे शिकते, नोकरी करते, संसार करते आणि साठी-सत्तरीची अपेक्षा बाळगू शकते. वैद्यकशास्त्राचे हे यश लहान नव्हे.

परंतु या यशाच्या पोटातच एक अवघड प्रश्न दडलेला आहे. ज्या किरणांनी त्या मुलीला वाचविले, त्याच किरणांमुळे वीस-पंचवीस वर्षांनंतर तिला एक नवा कर्करोग होण्याचा संभव असतो. हा रोग पहिल्या रोगाचे उलटणे नव्हे. पहिल्या रोगाच्या पेशींशी त्याचा संबंध नसतो. तो शरीराच्या निरोगी भागात, किरणांच्या वाटेवर आलेल्या अवयवात, स्वतंत्रपणे जन्म घेतो. वैद्यकीय परिभाषेत त्याला दुय्यम कर्करोग म्हणतात. पाच वर्षांच्या हिशेबात तो कोठेच दिसत नाही, कारण तो हिशेब मिटल्यानंतरच त्याची सुरुवात होते. म्हणूनच या रोगाचा प्रश्न केवळ डॉक्टरांचा राहत नाही. नोंदी कोणी ठेवायच्या, किती वर्षे ठेवायच्या आणि बरा झालेला माणूस कोणाच्या जबाबदारीवर सोडायचा, असा तो समाजाचा प्रश्न होतो.

तारक आणि मारक

विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला तो १८९५ च्या नोव्हेंबरात. पुढील वर्ष संपण्याच्या आतच डॉक्टरांनी हे किरण कर्करोगावर वापरून पाहिले. आणि अवघ्या सात वर्षांत, १९०२ साली, हँबर्ग येथे क्ष-किरण नळ्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका माणसाच्या हातावर या किरणांमुळे त्वचेचा कर्करोग झाल्याची नोंद झाली. एडिसनचा सहायक क्लॅरन्स डॅली हा अशाच कर्करोगाने १९०४ मध्ये दगावला आणि त्याची अवस्था पाहून एडिसनने या किरणांवरील प्रयोगच सोडून दिले होते. तात्पर्य, हे किरण कर्करोग बरा करतात आणि कर्करोग निर्माणही करतात, या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी मानवाला कळल्या.

यात विसंगती काही नाही. किरण पेशीच्या केंद्रातील डीएनए या आनुवंशिक द्रव्याचे तुकडे करतात. आघात पुरेसा मोठा असेल तर पेशी मरते. कर्करोगाच्या पेशीच्या बाबतीत हेच हवे असते. पण गाठीपर्यंत पोचताना आणि गाठीतून बाहेर पडताना किरण निरोगी पेशींतूनही जातात. त्यांतील पुष्कळशा पेशी झालेली इजा दुरुस्त करून पूर्ववत होतात. काही मात्र मरतही नाहीत आणि धड दुरुस्तही होत नाहीत. चुकीचा सांधा बसलेला डीएनए घेऊन त्या जगत राहतात, विभागत राहतात. त्यांच्यापैकी एखादीत पुढे आणखी बिघाडांची भर पडली म्हणजे कर्करोग सुरू होतो. या क्रियेला वेळ लागतो. रक्ताचा कर्करोग साधारणपणे पाच ते दहा वर्षांत दिसू लागतो. स्तन, फुप्फुस, थायरॉईड अशा अवयवांतील गाठींना दहा वर्षांहून अधिक, पुष्कळदा वीस ते तीस वर्षे लागतात.

जिथे हिशेब चुकला

या धोक्याचे मोजमाप प्रथम झाले ते मात्र कर्करोगाच्या रुग्णांवरून नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत किरणोपचार अनेक साध्या विकारांवरही सर्रास केला जात असे. पाठीच्या कण्याचे सांधे आखडून टाकणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या विकाराच्या वेदना किरणांनी कमी होतात, असे आढळल्यामुळे ब्रिटनमध्ये १९३५ ते १९५४ या काळात सुमारे चौदा हजार रुग्णांच्या पाठीवर किरण सोडण्यात आले. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते उघड करणारे रिचर्ड डॉल यांनी कोर्ट ब्राऊन यांच्यासमवेत या रुग्णांचा माग काढला. त्यांचा अहवाल १९५७ साली प्रसिद्ध झाला. रक्ताच्या कर्करोगाने झालेले मृत्यू या रुग्णांत अपेक्षेच्या सुमारे दहापट होते.

इस्राएलमधील घटना याहून विदारक आहे. त्या राष्ट्राच्या स्थापनेनंतरच्या वर्षांत उत्तर आफ्रिका व मध्यपूर्वेतून आलेल्या निर्वासित कुटुंबांतील हजारो मुलांच्या डोक्यावरील गजकर्णावर क्ष-किरणांचा उपचार करण्यात आला. केस गळून पडावेत आणि त्यांच्याबरोबर बुरशी जावी, एवढाच त्यामागील हेतू होता. बारूख मोदान व त्यांच्या सहकाऱ्यांनी यांतील सुमारे अकरा हजार मुलांचा मागोवा घेऊन १९७४ साली आपले निष्कर्ष मांडले. मेंदूतील व डोक्याभोवतालच्या गाठी आणि थायरॉईडचा कर्करोग या मुलांत लक्षणीय प्रमाणात अधिक आढळला. तोपर्यंत गजकर्णावर ग्रिसिओफुल्व्हिनसारखे पोटात घ्यावयाचे औषध उपलब्ध होऊन दीड दशक लोटले होते. पुढे १९९४ मध्ये इस्राएलच्या संसदेने या रुग्णांना भरपाई देणारा कायदा केला. उपचार आणि भरपाई यांच्यामध्ये चाळीस वर्षे गेली.

या दोन्ही उदाहरणांत निर्णय सोपा आहे. ज्या विकाराने माणूस मरत नाही, त्याच्यासाठी भावी कर्करोगाचा धोका पत्करणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. तो पुढे बंद झाला, हे योग्यच झाले. परंतु पहिला रोगच प्राणघातक असेल, तर हिशेब इतका सरळ राहत नाही.

हॉजकिन रोगाचा धडा

लंडनच्या गाइज इस्पितळातील टॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली वर्णन केलेला लसिकाग्रंथींचा कर्करोग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मानेत, काखेत वा छातीत गाठी येतात आणि त्या येतात त्या पुष्कळदा ऐन तारुण्यात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी हा रोग झालेला तरुण बहुधा वाचत नसे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील हेन्री कॅप्लन यांनी १९५० च्या दशकात तेथे बसविलेल्या नव्या, अधिक शक्तिशाली यंत्राच्या साहाय्याने या चित्रात क्रांती घडवून आणली. दिसणाऱ्या गाठींपुरते न थांबता मान, दोन्ही काखा आणि छातीचा मध्यभाग असे सबंध क्षेत्रच त्यांनी किरणांखाली आणले. खांद्यावरून घेतलेल्या झग्यासारखा या क्षेत्राचा आकार असल्यामुळे त्याला 'मँटल' असे नाव पडले. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. त्या काळी ती सुमारे चाळीस ग्रे इतकी दिली जाई. सॉल रोझेनबर्ग यांच्या सहकार्याने याला औषधोपचाराची जोड मिळाली आणि एके काळी असाध्य मानलेला हा रोग बरा होणाऱ्या कर्करोगांत गणला जाऊ लागला.

या उपचारातून वाचलेल्या मुली चाळिशीकडे आल्या, तेव्हा हिशेबाची दुसरी बाजू उघडकीस आली. मँटलच्या कडेत स्तनांचा काही भाग येत होता, आणि वाढीच्या वयातील स्तनांच्या पेशी किरणांना फार संवेदनशील असतात. अमेरिकेतील बालकर्करोगातून वाचलेल्यांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी छातीवर किरणोपचार झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे तीस जणींना वयाच्या पन्नाशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो, असे त्यात दिसून आले. बीआरसीए-१ या जनुकातील दोष आईबापांकडून घेऊन जन्मलेल्या स्त्रियांचा धोकाही जवळपास इतकाच असतो. फरक एवढाच, की एकीला तो वारशाने मिळतो आणि दुसरीला उपचारातून.

हॉलंडमधील अभ्यास अधिक दीर्घकालीन आहे. १९६५ ते २००० या काळात हॉजकिन रोगावर उपचार होऊन किमान पाच वर्षे जगलेल्या ३९०५ रुग्णांचा त्यात समावेश होता. उपचारानंतरच्या चाळीस वर्षांत त्यांच्यापैकी ४८.५ टक्के लोकांना दुसरा कर्करोग होतो, असा निष्कर्ष २०१५ साली निघाला. यांतील प्रत्येक कर्करोग किरणांमुळेच झाला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. वय वाढते तसा कर्करोग कोणालाही होऊ शकतो आणि औषधांचाही त्यात वाटा असतो. तथापि सर्वसाधारण लोकसंख्येत अपेक्षित असलेल्या प्रमाणाच्या मानाने हा आकडा दुपटीहून अधिक आहे. विशेष म्हणजे, उपचारांनंतर पस्तीस वर्षे उलटल्यावरही हा वाढीव धोका ओसरलेला नव्हता.

धोक्याचे प्रमाण

असे आकडे वाचून एखाद्याच्या मनात किरणोपचाराविषयी धास्ती बसेल, तर तो या विषयाचा सर्वांत घातक गैरसमज ठरेल. म्हणून दुसरे आकडेही तितक्याच काळजीने पाहिले पाहिजेत. अमेरिकेत सुमारे साडेसहा लाख प्रौढ कर्करोग्यांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये असे दाखवून देण्यात आले, की किरणोपचार घेतलेल्यांना पुढे जे दुसरे कर्करोग झाले, त्यांपैकी केवळ आठ टक्के किरणांमुळे झाले असावेत. उपचारानंतरच्या पंधरा वर्षांत किरणोपचार घेतलेल्या दर हजार रुग्णांमागे अशा ज्यादा कर्करोगांची संख्या पाच निघते. उरलेल्या दुसऱ्या कर्करोगांची कारणे तंबाखू, वय, आनुवंशिकता अशी नेहमीचीच आहेत.

एका बाजूस शंभरात तीस आणि दुसऱ्या बाजूस हजारात पाच, या दोन आकड्यांत विरोध नाही. फरक मुख्यतः वयाचा आणि किरणांच्या वाटेवर येणाऱ्या अवयवाचा आहे. आज मिळणारा लाभ आणि तीस वर्षांनंतर होऊ शकणारे नुकसान यांची तुलना करताना अर्थशास्त्र भावी रकमेला वटाव लावते. येथे तो वटाव निसर्गच लावतो. पासष्टाव्या वर्षी घशाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे देणे फेडण्याची मुदत बहुधा त्याच्या आयुष्याच्या पलीकडे जाते. बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र सारी मुदत पुढे उभी असते, आणि त्याच्या वाढत्या पेशी इजेला अधिक बळी पडतात. डोळ्याच्या पडद्यावरील रेटिनोब्लास्टोमा हा बालकांचा कर्करोग आनुवंशिक स्वरूपाचा असेल, तर किरणांच्या क्षेत्रात पुढे हाडांचे व मांसल भागाचे कर्करोग होण्याचा धोका विशेष असतो. म्हणून अशा बालकांत आता शक्यतो किरणोपचार टाळतात. मात्रा तीच, पण देणे प्रत्येकाचे निराळे.

वैद्यकशास्त्रानेही या अनुभवातून धडा घेतलेला आहे. मँटलचे विस्तीर्ण क्षेत्र गेले आणि रोगग्रस्त ग्रंथींपुरते मर्यादित क्षेत्र आले. प्रारंभीच्या अवस्थेतील, सौम्य स्वरूपाच्या हॉजकिन रोगात औषधांच्या जोडीला वीस ग्रे मात्रा पुरेशी होते, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीने सिद्ध केले. औषधांतही बदल झाला. ज्या जुन्या औषधांमुळे रक्ताचा कर्करोग उद्भवत असे, त्यांच्या जागी इटलीतील बोनादोना यांनी १९७० च्या दशकात पुढे आणलेला औषधांचा संच रूढ झाला. त्याची फळे आता दिसू लागली आहेत. अमेरिकेत बालकर्करोगावर किरणोपचार होण्याचे प्रमाण १९७० च्या दशकात ७७ टक्के होते. ते १९९० च्या दशकात ३३ टक्क्यांवर आले. त्याबरोबर पंधरा वर्षांत दुसरा कर्करोग होण्याचे प्रमाण २.१ टक्क्यांवरून १.३ टक्क्यांवर उतरले. निरोगी भागावर कमी किरण पडावेत यासाठी प्रोटॉन कणांचा उपचार पुढे आला असून, नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत तो २०२३ पासून उपलब्ध आहे.

आठवण कोणी ठेवायची?

परंतु ज्यांचे उपचार पूर्वीच होऊन गेले, त्यांचे काय? त्यांच्या बाबतीत उपाय एकच: धोका ज्ञात असलेल्या माणसाला शोधून काढणे, त्याला त्याची कल्पना देणे आणि नियमित तपासणी करणे. छातीवर किरणोपचार झालेल्या मुलीच्या स्तनांची तपासणी वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून किंवा उपचारानंतर आठ वर्षांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी करावी, असे आंतरराष्ट्रीय मत आहे. इतर स्त्रियांची अशी तपासणी ज्या वयात सुरू होते, त्याच्या कितीतरी आधी हिची सुरू झाली पाहिजे. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००३ मध्ये छत्तिसाव्या वर्षाच्या आत छातीवर किरणोपचार झालेल्या स्त्रियांना शोधून बोलाविण्याची मोहीम हाती घेतली. ज्या देशात सरकारी आरोग्यसेवा १९४८ पासून सर्वांसाठी आहे, तेथेही त्यासाठी जुन्या नोंदी उपसाव्या लागल्या. हॉलंडमधील अभ्यास शक्य झाला तोही पन्नास वर्षांच्या नोंदी जपून ठेविल्या होत्या म्हणूनच.

महाराष्ट्रात या कामाचा पाया आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोग्यांची सेवा करीत आहे. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ साली सुरू झाली, तर ग्रामीण भागासाठी बार्शीची नोंदणी १९८७ मध्ये. बालपणी कर्करोग झालेल्या आणि उपचार पूर्ण केलेल्या रुग्णांसाठी टाटा रुग्णालयात १९९१ पासून स्वतंत्र तपासणी विभाग चालतो. तेथे रोग उलटला की काय एवढेच न पाहता उपचारांच्या दूरगामी परिणामांवरही लक्ष ठेवले जाते.

अडचण आहे ती रुग्णालयाच्या दारापलीकडे. उपचारासाठी शेकडो मैलांवरून आलेले कुटुंब काम होताच गावी परतते. पाच-सात वर्षे फेऱ्या होतात, पुढे त्या थांबतात. मुलीचे लग्न झाले की आडनाव बदलते, गाव बदलते आणि पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलते. स्थळ हातचे जाईल या भीतीने आजाराचे कागद ट्रंकेच्या तळाशी जातात आणि कधी कधी सासरी त्याची वाच्यताही होत नाही. तीस वर्षांनी त्याच स्त्रीला स्तनात गाठ लागते, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरपुढे बसलेली बाई केवळ चाळीस-पंचेचाळीस वर्षांची एक नवी रुग्ण असते. लहानपणी तिच्या छातीवर किती ग्रे किरण पडले होते, हे त्याला माहीत नसते आणि बहुधा तिलाही नसते. नोंदणी कार्यालयाच्या दृष्टीने तर पहिली मुलगी आणि ही दुसरी बाई अशा दोन वेगळ्या व्यक्ती असतात.

यावरचा पहिला उपाय फार खर्चाचा नाही. उपचार पूर्ण होताच प्रत्येक रुग्णाच्या हाती एक पानाचा मराठी सारांश दिला गेला पाहिजे. कोणता रोग, कोणत्या साली, शरीराच्या कोणत्या भागावर किती मात्रा, कोणती औषधे आणि पुढे कोणत्या वयापासून कोणती तपासणी, एवढेच त्यात असावे. घरातील दाखल्यांच्या फाइलीत तो जन्मदाखल्याशेजारी जपून ठेवला जावा. त्या पानावर आणखी एक ओळ हवी: तंबाखू वर्ज्य. छातीवर किरणोपचार झालेला माणूस धूम्रपान करीत राहिला, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचे दोन्ही धोके एकमेकांना गुणत जातात, हे हॉजकिन रोगाच्या रुग्णांत स्पष्ट दिसून आलेले आहे. दुसरा उपाय सरकारच्या हातचा आहे. लग्नानंतर नाव बदलले तरी माणूस एकच आहे, हे ओळखणारी आजीव नोंद ठेवणे आणि अशा मोजक्या लोकांची वार्षिक तपासणी सार्वजनिक खर्चाने करणे. उपचार हा काही महिन्यांचा खर्च असतो, देखरेख हा चाळीस वर्षांचा. पण लवकर सापडलेल्या गाठीचा इलाज उशिरा सापडलेल्या गाठीच्या इलाजापेक्षा स्वस्त असतो आणि पुष्कळदा तो प्राण वाचवितो.

शेवटी एका गोष्टीचे भान सुटता कामा नये. दर दहा लाख वस्तीमागे निदान एक किरणोपचाराचे यंत्र असावे, असे मानतात. भारतात ते प्रमाण अद्याप गाठले गेलेले नाही. वेळेवर किरणोपचार न मिळाल्यामुळे येथे मरणाऱ्यांची संख्या त्या उपचारामुळे पुढे आजारी पडणाऱ्यांपेक्षा निःसंशय कितीतरी मोठी आहे. दुय्यम कर्करोगाची भीती घालून कोणाही रुग्णाला या उपचारापासून परावृत्त करणे म्हणजे उद्याच्या संभाव्य देण्याच्या धाकाने आजचा जीव गमावण्यास सांगणे होय. देणे राहते ते वाचलेल्यांनाच. परंतु ते त्यांच्या एकट्याच्या खात्यावर टाकून मोकळे होण्याचा अधिकार उपचार करणाऱ्या इस्पितळाला नाही आणि त्यांच्या बरे होण्याचे श्रेय घेणाऱ्या समाजालाही नाही. पाच वर्षांनी बंद होणारी वही ज्या दिवशी आयुष्यभर उघडी ठेवली जाईल, त्या दिवशी कर्करोग बरा झाला, हे विधान पूर्ण अर्थाने करता येईल.